छोट्या विमानाची बॅटरी केवढी असावी? अल्टरनेटरशी हिशेब जुळवण्याची पद्धत

आमचं विमान चौघांच्या मालकीचं आहे. १९७० च्या दशकातलं पायपर चेरोकी १४०, ओहायोतल्या एका छोट्या विमानतळावर असतं. एका शनिवारी संध्याकाळी मी उडून आलो, विमान हँगरमध्ये ढकललं आणि मास्टर स्विच, म्हणजे विमानातल्या सगळ्या विजेचा मुख्य स्विच, बंद करायचं राहून गेलं. मास्टरची रिले (बॅटरी जोडणारा विजेवर चालणारा स्विच) आणि टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारं उपकरण) मिळून जेमतेम १.८ अँपिअर खातात. पण रविवारी सकाळपर्यंत १६ तास झाले होते. १.८ गुणिले १६ म्हणजे जवळपास २९ अँपिअर-तास, आणि बॅटरी २५ ची. ती पूर्ण उतरली.

बाहेरून पॉवर लावून सेल्फ मारला, इंजिन लगेच लागलं आणि आम्ही दोघं निघालो. ॲमीटरचा, म्हणजे करंट दाखवणाऱ्या मीटरचा, काटा ६० च्या जवळ चिकटून होता. मला वाटलं, छान चार्जिंग होतंय. वीसेक मिनिटांनी जळक्या वार्निशसारखा वास आला, ब्रेकर उडाला आणि काटा शून्यावर पडला. टॉवरशी बोलणं सुरू होतं, ते अर्ध्या वाक्यात तुटलं. इंजिन मॅग्नेटोवर चालतं, तो ठिणगीची वीज स्वतःच बनवतो, त्याला बॅटरी लागत नाही, म्हणून ते चालत राहिलं. टॉवरने बंदुकीसारख्या दिव्यातून स्थिर हिरवा प्रकाश दाखवला, म्हणजे उतरायला परवानगी, आणि आम्ही उतरलो.

पुढच्या आठवड्यात भागीदारांचं मत एकच पडलं: मोठी बॅटरी घेऊ. ते चूक होतं, पण का चूक होतं हे समजायला मला दोन महिने आणि बरेच कागद लागले. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितो आहे.

मुळात एक गोष्ट पक्की करून घ्या. अल्टरनेटर किंवा जनरेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, केवढा हवा हे विमानातल्या विजेच्या खर्चावरून ठरतं. बॅटरी केवढी हवी हे दोन प्रश्नांवरून ठरतं: सेल्फ मारता येतो का, आणि अल्टरनेटर बंद पडल्यावर जमिनीवर येईपर्यंत पुरते का. अल्टरनेटर हा घरातला कमावता माणूस आहे आणि बॅटरी ही गाठीची शिल्लक. कमाई कमी पडत असेल तर शिल्लक मोठी करून घर चालत नाही, ते थोडं उशिरा अडतं इतकंच. दोघांची गाठ फक्त चार्जिंगच्या वेळी पडते. ती गाठ बरेच जण विसरतात, मीही विसरलो होतो.

आधी काय जमवाल

कागद:
- विमानाचं हँडबुक, त्यातलं विद्युत यंत्रणेचं प्रकरण आणि उपकरणांची यादी
- ताजा वजन आणि समतोलाचा तक्ता
- सर्व्हिस मॅन्युअलमधला वायरिंगचा नकाशा
- विमानाच्या प्रकाराचं मान्यतापत्रक (चेरोकीच्या घराण्याचं, क्रमांक २ए१३)
- आजवर बसवलेल्या प्रत्येक रेडिओ-जीपीएसचे कागद आणि लॉगबुक
- बॅटरी बनवणाऱ्याचं देखभालीचं पुस्तक

हत्यारं: चांगला मल्टीमीटर, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा), वही. क्लॅम्प मीटर घेताना नीट बघा. बाजारातले बरेच स्वस्त मीटर फक्त एसी मोजतात, ते इथे काही कामाचे नाहीत.

१. तुमच्याकडे नक्की काय आहे ते ओळखा

पहिला प्रश्न व्होल्टेजचा. १४ व्होल्टच्या विमानात १२ व्होल्टची बॅटरी असते, २८ व्होल्टच्या विमानात २४ ची. सेसना १७२ घेतलंत तर १९७८ च्या मॉडेलपासून २८ व्होल्ट आले, त्याआधीची १४ ची. म्हणून नुसतं "माझं १७२ आहे" म्हणून बॅटरी मागवू नका.

इथेच पहिला सापळा आहे. २४ व्होल्टची ११ अँपिअर-तासाची बॅटरी आणि १२ व्होल्टची २२ ची, दोघींत साठलेली ऊर्जा सारखीच असते. शेजारच्या हँगरमधला "माझी ११ ची पुरते" म्हणाला तर आधी त्याचे व्होल्ट विचारा.

दुसरा प्रश्न: अल्टरनेटर आहे की जुना डीसी जनरेटर? जुने जनरेटर २० किंवा ३५ अँपिअरचे असायचे आणि इंजिन आयडलवर, म्हणजे अगदी कमी फेऱ्यांवर, असताना जवळजवळ काहीच देत नाहीत. रात्री लँडिंग लाइट लावून हळू टॅक्सी केलीत (विमान जमिनीवर चालवलंत) तर तो सगळा खर्च बॅटरीतून जातो. अल्टरनेटर कमी फेऱ्यांवरही बऱ्यापैकी देतो, म्हणूनच लोक मान्यताप्राप्त किट घेऊन जनरेटरचा अल्टरनेटर करून घेतात. रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन असलेल्या हलक्या विमानात तिसराच प्रकार असतो: इंजिनाच्या आतच कायमचुंबकी जनरेटर, पूर्ण फेऱ्यांवर सुमारे २५० वॉट, म्हणजे १८ अँपिअरच्या आसपास. तिथे लँडिंग लाइट एलईडी आहे की जुन्या बल्बचा, एवढ्यावरही हिशेब फिरतो.

तिसरा प्रश्न साधा वाटतो, पण मला तोच नडला. तुमचा ॲमीटर काय दाखवतो? जुन्या सेसनांत शून्य मधोमध असतं आणि काटा बॅटरीत जाणारा किंवा बॅटरीतून निघणारा करंट दाखवतो. आमच्या चेरोकीत शून्य डावीकडे आहे आणि काटा अल्टरनेटरवरचा एकूण भार दाखवतो. त्यामुळे ६० वर चिकटलेला काटा "छान चार्जिंग" सांगत नव्हता. अल्टरनेटर त्याच्या कमाल ताकदीवर राबतोय, एवढंच तो सांगत होता. आणि अशा मीटरवर बॅटरी रिकामी होत असतानाचा करंट दिसतच नाही, काटा नुसता शून्यावर पडून राहतो.

२. खर्च मोजा, अंदाज करू नका

विमान हँगरबाहेर काढा, बॅटरीला चार्जर लावा, मास्टर चालू करा आणि एकेक स्विच लावत क्लॅम्प मीटर वाचा. उपकरणावर छापलेला आकडा बहुतेक वेळा कमालीचा असतो, मोजलेला आकडा खरा. आमच्या विमानाचे असे आले:

- मास्टर रिले १, अल्टरनेटरचा फील्ड करंट, म्हणजे त्याचं चुंबक जागं ठेवणारा करंट, ३ (हा इंजिन चालू असताना मोजला)
- पंखांच्या टोकांचे आणि शेपटीचे दिवे ५.५, चमकणारे स्ट्रोब ७, पॅनेलचे दिवे २
- दोन रेडिओ नुसते ऐकत असताना २.५, जीपीएस २, एडीएस-बीसह ट्रान्सपाँडर (विमानाची ओळख आणि जागा रेडिओवरून कळवणारा) २, इंटरकॉम ०.५
- टर्न कोऑर्डिनेटर ०.८, डिजिटल होरायझन (विमानाचा कल दाखवणारं उपकरण) ०.७
- टॅबलेट आणि फोनच्या चार्जिंगला ३

बेरीज ३० अँपिअर. चेरोकीचं जुनं हँडबुकही रात्रीच्या उड्डाणाला रेडिओसह सरासरी सुमारे ३० अँपिअर आणि भरलेल्या बॅटरीला आणखी साधारण २ असंच सांगतं. पन्नास वर्षांत रेडिओ बदलले, खर्च तेवढाच राहिला. नव्या उपकरणांनी जे वाचवलं ते टॅबलेटच्या चार्जरने आणि नव्या भरीने खाल्लं.

यात भर: पिटॉट हीट (वेग मोजणाऱ्या नळीवर बर्फ साचू नये म्हणून हीटर) ८, जुन्या १०० वॉटच्या बल्बचा लँडिंग लाइट ७.५, इंधनाचा विजेचा पंप २. रेडिओवर बोलायचं बटण दाबलं की तेवढ्यापुरते ५-६ अँपिअर जास्त.

प्रत्येक आकड्यापुढे एक खूण करा: सतत चालणारं, अधूनमधून चालणारं, आणि अल्टरनेटर गेला तरी लागणारं. ही तिसरी खूण पुढे सगळ्यात कामाला येते.

३. अल्टरनेटरसाठी ८० टक्क्यांची रेघ

अमेरिकेच्या विमान प्रशासनाच्या देखभाल मार्गदर्शनात (४३.१३-१बी, प्रकरण ११) एक साधा नियम आहे. भारावर नजर ठेवण्याची किंवा मर्यादेची पाटी लावण्याची सोय नसेल, तर सततचा एकूण भार अल्टरनेटरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा. ६० अँपिअरचे ८० टक्के ४८.

आमचा सगळ्यात वाईट सततचा भार म्हणजे थंडीतली रात्र, पिटॉट हीट चालू: ३० अधिक ८, म्हणजे ३८. लँडिंगला येताना लाइट आणि पंप धरून ४७.५, तेही दहाएक मिनिटांपुरते. म्हणजे ६० चा अल्टरनेटर आम्हाला पुरतो. त्या प्रकारानंतर एका भागीदाराने १०० अँपिअरचा बसवू असं सुचवलं होतं. अल्टरनेटरपासून निघणारी वायर, ब्रेकर आणि पट्टा हे सगळं ६० च्या हिशेबाने बसवलेलं असतं. उतरलेली बॅटरी मोठ्या अल्टरनेटरकडून ९० अँपिअर ओढायला लागली की तापणार ती वायर. शिवाय मोठ्या अल्टरनेटरचं वजन नाकावर येतं.

तुमचा सततचा भार ८० टक्क्यांच्या वर गेला तर आधी खर्च कमी करा. एलईडी दिवे हा सगळ्यात स्वस्त अल्टरनेटर आहे. आम्ही पंखांचे दिवे आणि लँडिंग लाइट बदलल्यावर जवळजवळ १० अँपिअर मोकळे झाले.

४. बॅटरीचा हिशेब: अल्टरनेटर गेल्यानंतरची मिनिटं

ही पायरी घाईने करू नका. २०१७ पूर्वीच्या अमेरिकी भाग २३ च्या नियमांत छोट्या विमानांसाठी ३० मिनिटांचा निकष होता: वीजनिर्मिती पूर्ण बंद पडली तर सुरक्षित उड्डाण आणि लँडिंगला लागणाऱ्या उपकरणांना बॅटरीने किमान ३० मिनिटं पुरवठा करावा. त्या ३० मिनिटांत पायलटला बिघाड लक्षात यायला आणि नको ते बंद करायला लागणारा वेळही धरलेला आहे. आमचं जुनं विमान या निकषाच्या आधीचं, पण मी आमचा हिशेब त्यावरच बेतला.

लक्षात यायला ५ मिनिटं धरा. तेवढ्यात सगळं चालूच असतं: ३८ अँपिअरने ५ मिनिटं म्हणजे ३.२ अँपिअर-तास गेले.

मग बंद करायचं ते बंद केलं. उरलं: एक रेडिओ १, बोलण्यासाठी सरासरी ०.५, जीपीएस २, ट्रान्सपाँडर २, डिजिटल होरायझन ०.७, मास्टर रिले १, मंद केलेले पॅनेलचे दिवे १. एकूण ८.२. उरलेल्या २५ मिनिटांत ३.४ अँपिअर-तास. शेवटची ५ मिनिटं लँडिंग लाइट, त्याचे ०.६.

बेरीज ७.२ अँपिअर-तास. बॅटरीवर २५ लिहिलंय, मग काय चिंता, असं वाटेल. पण २५ हे नव्या, पूर्ण भरलेल्या, उबदार बॅटरीचं आहे. ती बदलायच्या बेताला येईल तेव्हा क्षमता ८० टक्के उरलेली असेल. रोजच्या वापरात ती ९० टक्के भरलेली धरा. बाहेर शून्य अंशाच्या आसपास तापमान असेल तर लेड-ॲसिड बॅटरी तीन-चतुर्थांशच देते असं धरून मी चालतो. २५ गुणिले ०.८ गुणिले ०.९ गुणिले ०.७५ म्हणजे १३.५.

१३.५ मधून ७.२ गेले तरी शिल्लक राहते. खरं तर वेळेवर भार कमी केला तर अशी म्हातारी, गारठलेली बॅटरीसुद्धा सव्वा तास टिकते.

आता तीच बॅटरी, पण बिघाड लक्षातच आला नाही. ३८ अँपिअर चालूच. १३.५ भागिले ३८ म्हणजे २१ मिनिटं, आणि इतक्या जड भारावर लेड-ॲसिड बॅटरी त्याहूनही कमी देते. मग तिथे ३५ ची बॅटरी बसवली असती तर? तेच गुणाकार करून १८.९, म्हणजे ३० मिनिटं. वाढले फक्त ९.

हे आकडे मी हँगरमधल्या फळ्यावर लिहिले तेव्हा मोठ्या बॅटरीचा विषय संपला. १० अँपिअर-तास जास्त घेऊन ९ मिनिटं मिळतात, आणि वेळेवर लक्षात येऊन ५० हून जास्त. आम्ही बॅटरी तेवढीच ठेवली आणि पॅनेलवर, डोळ्यांसमोर, व्होल्टेज १३ च्या खाली गेलं की पेटणारा लाल दिवा बसवला. अल्टरनेटर चालू असेल तर विमानातली वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीवर १४ व्होल्टच्या आसपास असतात, नुसत्या बॅटरीवर भार आला की ते १२.५ च्या जवळ येतात, म्हणून १३ ही रेघ स्वच्छ आहे. तुम्ही एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

एक अपवाद. तुमच्या इंजिनाचं इग्निशन किंवा इंधनाचं इंजेक्शन विजेवर चालत असेल, तर इंजिन हेच "लागणारं" उपकरण झालं. रोटॅक्स ९१२ आयएस इंजिनात म्हणूनच दोन वेगळे जनरेटर असतात. स्वतः बांधलेल्या विमानात इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालणाऱ्यांनी हा हिशेब त्या इग्निशनच्या आकड्यापासून सुरू करावा आणि दुसऱ्या स्रोताचा विचार करावा. व्हॅक्यूम पंपाच्या जागी बसणारे ८ किंवा २० अँपिअरचे राखीव अल्टरनेटर त्यासाठीच मिळतात.

५. बॅटरी परत भरताना दोघांची गाठ पडते

सेल्फ मारल्याने बॅटरी खूप उतरते हा समज सोडून द्या. २०० अँपिअर ५ सेकंद ओढले तरी ते ०.२८ अँपिअर-तास होतात. काही मिनिटांत भरून निघतात. बॅटरी मारतो तो विसरलेला मास्टर स्विच.

विमानातलं चार्जिंग स्थिर व्होल्टेजचं असतं. किती करंट घ्यायचा हे बॅटरी ठरवते, अल्टरनेटर फक्त त्याच्या क्षमतेपर्यंत देत राहतो. पूर्ण उतरलेली बॅटरी हाती लागेल तेवढा करंट ओढते. आमच्या बाबतीत ३० चा खर्च आणि वर जे काही उरलं ते सगळं बॅटरीला, म्हणजे अल्टरनेटर वीस मिनिटं पूर्ण ताकदीवर. तो दीर्घकाळ तसा चालवायला बनवलेला नव्हता, त्याची गुंडाळी भाजली. आणि बंद पडल्या क्षणी बॅटरीत दहा-बारा अँपिअर-तासही आलेले नव्हते. मोठी बॅटरी अशीच उतरली असती तर तो भार आणखी जास्त वेळ टिकला असता.

म्हणून नियम: पूर्ण उतरलेल्या बॅटरीला बाहेरून सेल्फ मारून उडू नका. ती काढा, जमिनीवर चार्जरने भरा, क्षमता तपासा, मग बसवा. रविवारची सकाळ वाया जाते, जाऊ दे.

बॅटरी निरोगी असेल तर उड्डाणाच्या अर्ध्या तासानंतर ती २ अँपिअरच्या आसपास किंवा कमी घेत असते. तासाभरानंतरही ५-६ घेतेय आणि हात लावला तर गरम लागतेय, तर एक तर बॅटरी आतून खराब आहे किंवा रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज ठरवणारा भाग) जास्त व्होल्टेज देतोय. १४ च्या यंत्रणेत साधारण १३.८ ते १४.२ व्होल्ट हवेत, २८ च्या यंत्रणेत त्याच्या दुप्पट. नेमका आकडा बॅटरीच्या पुस्तकातून घ्या आणि तो बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, पॅनेलवर नाही. उन्हाळ्यात, आणि विदर्भ-खानदेशासारख्या ठिकाणी तर नक्कीच, जास्त व्होल्टेज बॅटरीला लवकर मारतं.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी हलकी असते, मोह होतो. तिचा अंतर्गत रोध फार कमी, त्यामुळे ती उतरलेली असताना अल्टरनेटरकडून लेड-ॲसिडपेक्षाही जोरात ओढते. अशा बॅटरीसोबत किती अँपिअरपर्यंतचा अल्टरनेटर चालेल हे बनवणारे मॉडेलनुसार छापतात. बॅटरी आणि अल्टरनेटर यांची थेट जुळणी बघायची ती इथे. तो आकडा न बघता लिथियम घेऊ नका.

६. सेल्फ जड मारतोय? आधी केबल बघा

"थंडीत सेल्फ ओढत नाही, मोठी बॅटरी घेतो" असं म्हणणारे दर हिवाळ्यात भेटतात. चेरोकीत बॅटरी इंजिनापासून लांब, मागच्या बाजूला असते आणि बऱ्याच जुन्या विमानांत तिथून पुढे जाणारी जाड केबल ॲल्युमिनियमची आहे. आमच्या केबलचं टोक उघडलं तेव्हा लगच्या, म्हणजे टोकाच्या धातूच्या टोपणाच्या, आत पांढरी भुकटी होती, नखाने खरवडून निघाली. सेल्फ मारताना मीटर लावला तर बॅटरीवर १०.८ व्होल्ट आणि स्टार्टरवर ८.१. मधले २.७ व्होल्ट केबल आणि जोडांमध्ये गरम होऊन जात होते.

मोजायची पद्धत सोपी आहे. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर, दुसरं स्टार्टरच्या टर्मिनलवर, एकाने सेल्फ मारायचा (मॅग्नेटो बंद, मिक्स्चर म्हणजे इंधन बंद, पुढच्या पंख्यापासून सगळे लांब), दुसऱ्याने आकडा वाचायचा. मग तेच ऋण बाजूला. एक व्होल्टच्या वर काही दिसलं तर बॅटरीच्या दुकानात जाण्याआधी मेकॅनिककडे जा. आम्ही मंजूर तांब्याच्या केबल घातल्या आणि तीच जुनी बॅटरी पुढचा हिवाळा व्यवस्थित चालली.

७. लेबल वाचताना

विमानाच्या बॅटरीवरची क्षमता बहुधा एका तासाच्या दराने दिलेली असते: २५ अँपिअर-तास म्हणजे २५ अँपिअर एक तास. मोटरसायकल, यूपीएस आणि हौशी विमानांसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सीलबंद बॅटऱ्यांवर २० तासांचा दर असतो. अशी १८ ची बॅटरी एका तासाच्या दराने साधारण ११-१२ देते. दोन आकडे शेजारी ठेवून तुलना केलीत तर फसलात.

व्होल्टेजवरून क्षमता कळत नाही, हे दुसरं. मरायला टेकलेली एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड) बॅटरीही सकाळी १२.८ दाखवते. वर्षातून एकदा क्षमतेची चाचणी करा: पूर्ण भरा, एका तासाच्या दराने उतरवा, १२ व्होल्टची बॅटरी १० वर येईपर्यंतची मिनिटं मोजा. बनवणाऱ्याची रेघ ८५ टक्के असेल तर ५१ मिनिटं टिकली पाहिजे, ८० असेल तर ४८.

वजन बदलत असेल तर समतोलाचा तक्ता नव्याने करावा लागतो. बॅटरी मागे असल्याने दोन-तीन किलोसुद्धा जाणवतात.

८. कागदपत्रं

अमेरिकेत पायलट-मालकाला त्याच प्रकारची बॅटरी स्वतः बदलता येते, देखभालीच्या नियमांच्या भाग ४३ च्या परिशिष्ट ए मध्ये तशी सूट आहे, मात्र लॉगबुकमध्ये नोंद हवी. वेगळ्या आकाराची किंवा रसायनाची बॅटरी, वेगळा अल्टरनेटर, हे त्या सुटीत येत नाही. तिथे मान्यताप्राप्त बदलाचे कागद, परवानाधारक मेकॅनिक आणि बहुधा मोठ्या बदलाच्या नोंदीचा फॉर्म ३३७ लागतो. भारतात नोंदलेल्या विमानावर डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) परवाना असलेल्या इंजिनिअरच्या सहीशिवाय आणि मंजूर कागदाशिवाय असा बदल करू नका. फ्लाइंग क्लबच्या विमानावर शिकणाऱ्यांनी निदान पायरी २ आणि ४ चा हिशेब वहीत करून बघावा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

मेकॅनिककडे जाताना भाराची यादी घेऊन जा. माझी यादी बघून आमच्या मेकॅनिकने दहा मिनिटांत सांगितलं की ६० चा अल्टरनेटर परत तोच बसवा. त्याआधी तोंडी विचारलं होतं तेव्हा तिघांकडून तीन उत्तरं आली होती.

९. बसवल्यावरची चाचणी

दिवसा, हँगरबाहेर, इंजिन बंद. बॅटरी पूर्ण भरलेली. पायरी ४ मधली "लागणारी" यादी चालू करा, बाकी सगळं बंद. घड्याळ लावा आणि दर ५ मिनिटांनी बॅटरीचं व्होल्टेज लिहा. आमची बॅटरी ३० मिनिटांनी १२.२ वर होती. तुमची त्याच्या बरीच खाली गेली, किंवा मधेच डिजिटल होरायझन बंद पडला, तर क्षमतेची चाचणी करा. या चाचणीनंतर बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवूनच पुढचं उड्डाण करा.

मग इंजिन चालू करून अल्टरनेटरचा स्विच बंद करा आणि लाल दिवा किती वेळात पेटतो ते बघा. आमचा काही सेकंदांत पेटतो. शेवटी एक छोटी पट्टी छापून त्या दिव्याखाली चिकटवा. काय बंद करायचं ते खर्चाच्या उतरत्या क्रमाने: पिटॉट हीट (ढगात नसाल तर), स्ट्रोब, पंखांचे दिवे, चार्जर, दुसरा रेडिओ. त्याखाली अल्टरनेटर परत चालू करायची हँडबुकमधली पद्धत, एकदाच करून बघण्यासाठी. आणि आमच्या पट्टीवर सगळ्यात खाली, उतरल्यानंतरसाठी, मी एक ओळ जास्त लिहिली आहे: मास्टर बंद.